कंडेन्स्ड मॅटर थिअरिस्ट दिवसभर नेमकं करतो काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एस्सी. संपत आली आहे, सॉलिड स्टेट आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आवडतात, पीएच.डी. कंडेन्स्ड मॅटर थिअरीत, म्हणजे घन-द्रव पदार्थांतले असंख्य कण मिळून कसे वागतात त्याच्या सिद्धांतात, करावी असं वाटतंय. पण हे लोक दिवसभर करतात काय? गणित किती लागतं, कॉम्प्युटरपुढे किती बसावं लागतं, प्रयोगांशी कितपत संबंध येतो, आणि पुढे यावर पोट भरतं का? मी बरीच वर्षं याच कामात आहे, त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते.

कणभौतिकीवाल्यांपेक्षा आमची परिस्थिती एका बाबतीत उलटी आहे. आमचे मूळ नियम सापडायचे राहिलेले नाहीत. इलेक्ट्रॉन, अणुकेंद्रं, त्यांच्यातलं विद्युत आकर्षण-प्रतिकर्षण आणि श्रोडिंगरचं समीकरण एवढ्यात मिठाच्या खड्यापासून अतिवाहकापर्यंत (सुपरकंडक्टर, ज्यात विजेला रोधच उरत नाही) जवळपास सगळं येतं. गाडं अडतं ते संख्येपाशी. तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये ८५ वर २१ शून्यं एवढे मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि त्यातला प्रत्येक जण बाकीच्या प्रत्येकाला ढकलत असतो. हे समीकरण जसंच्या तसं कुणालाच सोडवता येत नाही. आणि समजा कुणी सोडवून दिलंच, तर एवढ्या चलांचं ते फलन हातात घेऊन करायचं काय? तांबं वीज वाहतं आणि हिरा वाहत नाही, याचं कारण त्यात कुठेतरी दडलेलं असेल, पण आपल्याला दिसणार नाही. म्हणून आमचं खरं काम म्हणजे काय गाळायचं ते ठरवणं. गाळल्यावर जे उरतं त्याला मॉडेल म्हणतात. समीकरणं सोडवणं, कोड लिहिणं, पेपर लिहिणं हे सगळं त्यानंतर येतं.

गाळणं म्हणजे आळस नव्हे, हे तांब्याच्याच उदाहरणावरून बघा. तांब्यातल्या इलेक्ट्रॉनांची फर्मी ऊर्जा, म्हणजे भरलेल्या पातळ्यांतल्या सर्वांत वरच्या पातळीची ऊर्जा, सुमारे ७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे तापमानाच्या भाषेत ८०,००० केल्विन. इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षणही काही इलेक्ट्रॉन-व्होल्टच भरतं, त्यामुळे ते गाळणं ही चक्क लबाडी वाटते. तरीही पाठ्यपुस्तकातलं मोकळ्या इलेक्ट्रॉनांचं चित्र तांब्यात झकास चालतं. का चालतं, ते लँडाऊंनी १९५६ च्या सुमारास दाखवलं. पाउलीच्या नियमामुळे फर्मी पातळीजवळच्या इलेक्ट्रॉनांना आपटून जायला रिकाम्या जागाच फार थोड्या असतात, तापमान उतरेल तसा आपटण्याचा दर त्याच्या वर्गाप्रमाणे कमी होत जातो, आणि प्रतिकर्षण पांघरून फिरणारा 'क्वासी-पार्टिकल' एकट्या इलेक्ट्रॉनासारखाच वागतो. म्हणजे तांब्यात हे गाळणं कायदेशीर आहे. आता १९८६ साली बेडनोर्झ आणि म्यूलर यांना सापडलेल्या तांब्याच्या ऑक्साइडांकडे या. तिथे अतिवाहकतेच्या वरच्या तापमानाला रोध तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढतो आणि लँडाऊंचं चित्र कोलमडतं. का कोलमडतं, यावर चार दशकं होत आली तरी एकमत नाही. एका पदार्थात जे बिनधास्त गाळायचं, तेच दुसऱ्यात गाळलं की सगळं मुसळ केरात. हा फरक आधीच ओळखता येणं, हे कौशल्य कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

प्रयोगांशी संबंध कसा येतो, ते एका नेहमीच्या प्रसंगावरून सांगते. प्रयोग करणाऱ्या ओळखीच्या माणसाचा मेल येतो. सोबत एक आलेख. 'पातळ फिल्म थंड करत नेली, रोध कमी होत गेला, १० केल्विनच्या आसपास तळ गाठला आणि त्याखाली परत चढायला लागला. कोंडो असेल का?'

पहिले प्रश्न थिअरीचे नसतातच. फिल्म किती जाड? मोजमाप दोन टोकांनी की चार टोकांनी? प्रवाह कमी केला तर आलेख तोच राहतो का, की नमुना स्वतःच तापतोय? चढ एक टक्का आहे की दुप्पट? यातच निम्म्या वेळा प्रकरण निकालात निघतं. ते टिकलं, तर रोध तापमानाच्या लॉगरिदमपुढे काढायचा. सरळ रेषा आली की समोरचा माणूस खूश होतो. आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं, कारण पातळ फिल्ममध्ये लॉगरिदम देणाऱ्या किमान तीन वेगवेगळ्या यंत्रणा आहेत.

पहिली कोंडोची: लोखंडासारख्या अशुद्धीच्या चुंबकीय अणूवर इलेक्ट्रॉन स्पिन उलटवत आपटतात आणि तापमान उतरेल तसं हे आपटणं वाढत जातं. दुसरी वीक लोकलायझेशनची: इलेक्ट्रॉनाची लहर एखाद्या वळणावळणाच्या वाटेने फिरून मूळ जागी येते, तीच वाट उलट दिशेने घेणारी लहरही येते, दोघी जुळतात आणि इलेक्ट्रॉन जागच्या जागी घुटमळण्याची शक्यता वाढते. तिसरी, ज्यांनी ती मांडली त्या आल्टशुलर आणि आरोनोव्ह यांच्या नावाने ओळखली जाते: अस्वच्छ धातूत इलेक्ट्रॉन विसरणाने सावकाश पसरतात, एकमेकांच्या आसपास जास्त वेळ रेंगाळतात, आणि तांब्यात गाळलेलं तेच प्रतिकर्षण इथे मागच्या दाराने आत येतं.

तिघींना वेगळं कसं पाडायचं? चुंबकीय क्षेत्र लावा. वीक लोकलायझेशनमध्ये दोन्ही लहरींचं जुळणं फार नाजूक असतं. लहर आपली फेज सांभाळत १०० नॅनोमीटर जात असेल, तर फिल्मला लंब असं ०.०२ टेस्लाचं क्षेत्रही ते बिघडवायला पुरतं, आणि रोध खाली येतो. (जड मूलद्रव्यं असतील तर स्पिन-ऑर्बिटमुळे चिन्हच उलटतं, हेही डोक्यात ठेवायचं.) कोंडोला एवढ्याशा क्षेत्राचं सोयरसुतक नसतं. १ टेस्ला म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या स्पिनसाठी जेमतेम १.३ केल्विन, त्यामुळे १० केल्विनच्या घडामोडी हलवायला बरेच टेस्ला लागतात, आणि क्षेत्र फिल्मच्या प्रतलात असो की लंब, फारसा फरक पडत नाही. शिवाय कोंडोचा चढ अगदी खाली गेल्यावर सपाट होतो. तिसऱ्या यंत्रणेची खूण हॉल मोजमापात, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडवा येणारा व्होल्टेज मोजला की, मिळते. रोधात जेवढे टक्के बदल, त्याच्या दुप्पट टक्के हॉल गुणांकात. वीक लोकलायझेशनमध्ये हॉल गुणांक जागचा हलत नाही.

तेव्हा माझं उत्तर जातं ते असं: लंब क्षेत्रात मोजा, प्रतलातल्या क्षेत्रात मोजा, हॉल मोजा, आणि जमलं तर एक जास्त शुद्ध नमुना करा. यात मी एकही नवं समीकरण लिहिलेलं नसतं. बऱ्याचदा उत्तर 'वीक लोकलायझेशन, १९८० च्या आसपासचं प्रकरण' असं निघतं, पेपर होत नाही, आणि आलेल्या एका आभाराच्या ओळीवर समाधान मानायचं. पण अधूनमधून तिन्ही चाचण्यांत नापास होणारा आलेख येतो, आणि मग पुढचं वर्ष कसं गेलं ते कळत नाही.

कोंडोची गोष्ट थोडी पुढे नेते, कारण त्यात या धंद्याचं मर्म आहे. रोधाचा हा तळ १९३० च्या दशकात सोन्यात दिसला होता. जुन कोंडो यांनी त्याचं कारण शोधलं १९६४ साली. पर्टर्बेशन थिअरीच्या (पायरीपायरीने सुधारत जाणाऱ्या अंदाजी गणिताच्या) पहिल्या पायरीवर काही दिसत नाही, पुढच्या पायरीवर गेलं की लॉगरिदम बाहेर येतो. तळ समजला, पण नवी पंचाईत झाली: तापमान शून्याकडे नेलं की तोच लॉगरिदम अनंताकडे पळतो, जे खरं असूच शकत नाही. ती गाठ केनेथ विल्सन यांनी १९७५ मध्ये सोडवली. मोठ्या ऊर्जांपासून सुरुवात करून एकेक थर गाळत जायचं, आणि प्रत्येक थर गाळताना उरलेल्या मॉडेलचे आकडे त्यानुसार बदलत न्यायचे. म्हणजे फेकून दिलेल्या प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च ठेवायचा. या रीनॉर्मलायझेशनच्या विचाराला १९८२ चं नोबेल मिळालं. हे कोर्समध्ये शिकताना क्लिष्ट बीजगणित वाटतं. काम करायला लागल्यावर कळतं की रोजच्या गाळण्याला शिस्त लावायची हीच रीत आहे.

आता कॉम्प्युटर. खरं सांगायचं तर दिवसाचा मोठा भाग तिथेच जातो, आणि त्यातला मोठा भाग कोड का चालत नाही हे शोधण्यात. कागद-पेन्सिलवाले शुद्ध थिअरिस्ट आहेत, पण तेही हल्ली छोटा कोड लिहून पडताळा घेतल्याशिवाय पेपर पाठवत नाहीत. अडचणीचं मूळ परत संख्येतच आहे. अर्धा स्पिन असलेले ४० अणू घेतले तर त्यांच्या अवस्था २ चा ४० वा घात, म्हणजे एक लाख कोटींहून जास्त. अशी एकच अवस्था नुसती साठवायला ८ टेराबाइटच्या वर जागा लागते, आणि प्रत्येक वाढीव अणूला ती दुप्पट होते. सिमेट्री वापरून हे ओझं बरंच हलकं करता येतं. कागोमे जाळीवर (त्रिकोण आणि षटकोनांची, टोपलीच्या विणीसारखी जाळी) ४८ स्पिनपर्यंतची गणितं २०१९ मध्ये अशीच झाली. पण स्फटिकातले अणू ४८ नसतात.

म्हणून मग युक्त्या. स्टीव्हन व्हाइट यांची १९९२ ची डीएमआरजी (डेन्सिटी मॅट्रिक्स रीनॉर्मलायझेशन ग्रुप) पद्धत एका मितीतल्या साखळ्यांवर इतकी अचूक चालते की लोक तिच्या उत्तराला जवळजवळ प्रयोगाचा मान देतात. दोन मितींत मात्र ती लांबट नळकांड्यांवर चालवावी लागते आणि नळकांड्याचा घेर जरा वाढवला की खर्च आकाशाला भिडतो. क्वांटम माँटे कार्लो, म्हणजे यादृच्छिक नमुने घेऊन बेरजा करायची पद्धत, सुंदर आहे, पण इलेक्ट्रॉनांची संख्या थोडी हलवली की बेरजेत अधिक-उणे चिन्हांच्या संख्या येतात, त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतो नुसता गोंगाट. ही चिन्हांची अडचण सरसकट सगळ्या मॉडेलांसाठी सुटेल, ही आशा ट्रॉयर आणि वीझे यांनी २००५ मध्ये जवळपास मोडीत काढली. ती एनपी-हार्ड आहे, म्हणजे ज्यांना झटपट सोडवणारी रीत बहुधा नाहीच असं मानलं जातं अशा प्रश्नांइतकी अवघड, हे त्यांनी दाखवलं.

याचा परिणाम काय होतो? त्याच कागोमे जाळीवरचं साधं हायझेनबर्ग मॉडेल घ्या, ज्यात फक्त शेजारचे स्पिन एकमेकांशी जोडलेले असतात. एका ओळीत लिहिता येतं. २०११ मध्ये डीएमआरजीच्या मोठ्या गणितांनी सांगितलं की त्याच्या तळाच्या अवस्थेवर ऊर्जेची गॅप आहे, म्हणजे पुढची पातळी ठरावीक अंतरावर आहे. २०१७ च्या आसपास दुसऱ्या तितक्याच दमदार गणितांनी सांगितलं की गॅप नाही. कुणीही चूक केलेली नाही. छोट्या तुकड्यावरून अनंत जाळीचा अंदाज बांधायचा असतो आणि तो बांधण्याच्या रीती वेगळ्या आहेत. हबर्ड मॉडेलचंही (जाळीवर उड्या मारणारे आणि एका जागी आले की एकमेकांना ढकलणारे इलेक्ट्रॉन) तसंच: एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या अवस्थांच्या ऊर्जेतला फरक इलेक्ट्रॉनाच्या उडीच्या ऊर्जेच्या शंभराव्या भागाएवढा. २०१७ मध्ये अनेक गटांनी एकत्र येऊन, वेगवेगळ्या पद्धतींनी एकच प्रश्न सोडवून, ठरावीक डोपिंगला (इलेक्ट्रॉनांची संख्या थोडी बदलल्यावर) इलेक्ट्रॉन आणि स्पिन पट्ट्यापट्ट्यांनी मांडलेली अवस्था जिंकते असं दाखवलं, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला. त्यामुळे 'कॉम्प्युटरने सांगितलं' या वाक्याला आमच्यात फार किंमत नाही. कुठल्या आकाराच्या नमुन्यावर, कुठल्या सीमा-अटींवर आणि चूक किती, हे लगेच विचारलं जातं.

दुसरा एक मोठा गट डेन्सिटी फंक्शनल थिअरी वापरतो. होहेनबर्ग, कोन आणि शॅम यांनी १९६४-६५ मध्ये पाया घातलेली ही पद्धत खऱ्या पदार्थांची गणितं करते आणि उपयोगाच्या दृष्टीने बाकी सगळ्यांना मागे टाकते. पण तिच्या नेहमीच्या आवृत्त्या सिलिकॉनची गॅपही १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टऐवजी निम्म्याच्या आसपास सांगतात, आणि इलेक्ट्रॉनांचं प्रतिकर्षण जोरात असेल तिथे इन्सुलेटरला सरळ धातू म्हणून मोकळ्या होतात. सॉफ्टवेअर तयार मिळत असल्यामुळे उत्तर नेहमीच येतं, आणि धोका तोच आहे.

२०२३ च्या जुलैत एलके-९९ नावाच्या शिशाच्या संयुगात नेहमीच्या तापमानाला अतिवाहकता सापडल्याचा दावा झाला, ते आठवत असेल. काही दिवसांत डेन्सिटी फंक्शनलची गणितं येऊन थडकली: फर्मी पातळीजवळ सपाट बँड (वेग बदलला तरी इलेक्ट्रॉनाची ऊर्जा जवळपास तीच राहते असा पट्टा) दिसतोय! गणितं आपापल्या जागी बरोबर होती. पण सपाट बँड म्हणजे अतिवाहकता नव्हे. तसा बँड चुंबकत्व देऊ शकतो, इन्सुलेटर देऊ शकतो, किंवा अणू जरा इकडेतिकडे सरकून तो नाहीसाही होऊ शकतो. शेवटी रोधातली ती उडी कॉपर सल्फाइडच्या अशुद्धीची निघाली, आणि शुद्ध स्फटिक पारदर्शक इन्सुलेटर. साप साप म्हणून भुई धोपटली गेली. यात मला थिअरीवाल्यांची घाई जास्त खटकली. प्रयोगवाल्यांनी नमुने करून, मोजून, महिनाभरात विषय निकाली काढला.

सपाट बँडची दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. बिस्ट्रित्झर आणि मॅकडॉनल्ड यांनी २०११ मध्ये दाखवलं की ग्राफीनचे दोन थर एकमेकांवर सुमारे १.१ अंशांनी फिरवून ठेवले तर बँड सपाट होतात. २०१८ मध्ये हारिल्यो-हेरेरो यांच्या गटाने तसा नमुना केला आणि त्यात १.७ केल्विनला अतिवाहकता मिळाली. मूळ पेपरने तिचं भाकीत केलेलं नव्हतं. आमच्या भाकितांचं हे असंच असतं. टोपोलॉजिकल इन्सुलेटर (आतून इन्सुलेटर, पण कडेने वीज वाहणारे) २००५-०६ मध्ये कागदावर आले आणि २००७ मध्ये प्रयोगात दिसले, किंवा दाबाखालचं हायड्रोजन सल्फाइड, ज्याची गणितं २०१४ मध्ये झाली आणि २०१५ मध्ये २०३ केल्विनचा प्रयोग छापून आला: ही मिरवण्यासारखी उदाहरणं आहेत. पण अतिवाहकता १९११ मध्ये सापडली आणि तिचं स्पष्टीकरण १९५७ मध्ये मिळालं; फ्रॅक्शनल क्वांटम हॉल १९८२ मध्ये प्रयोगात दिसला तेव्हा तो कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता, आणि लाफ्लिन यांनी १९८३ मध्ये त्याची अवस्था जवळजवळ अंदाजाने लिहून काढली. बहुतेक वेळा निसर्ग पुढे आणि आम्ही धापा टाकत मागे. हे ज्याला सलतं त्याने या शाखेत येऊ नये.

गणित किती लागतं? लिनियर अल्जिब्रा इतकं पक्कं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यावं. सेकंड क्वांटायझेशन, ग्रीन्स फंक्शन, थोडी ग्रुप थिअरी, पाथ इंटिग्रल. टोपोलॉजी गरजेपुरती. त्याहून जास्त उपयोगी पडतात ते तोंडपाठ आकडे: १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे ११,६०० केल्विन, खोलीचं तापमान म्हणजे २५ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एखाद्या भाषणात वक्ता म्हणाला की अमुक परिणाम ०.१ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गॅपमुळे ४ केल्विनला दिसतो, तर खुर्चीत बसल्या बसल्या हात वर करता आला पाहिजे, कारण ती गॅप १ केल्विनच्या थोडी वर भरते.

दिवसाचा साचा विचारलात म्हणून सांगते. सकाळी अर्काइव्हवरची (arXiv, जिथे पेपर छापण्याआधी टाकतात ती वेबसाइट) कंडेन्स्ड मॅटरची नवी यादी. शीर्षकं सगळी, गोषवारे थोडे, पूर्ण पेपर एखादा. आपलाच विषय दुसऱ्याने आदल्या रात्री टाकलेला दिसला की पोटात गोळा येतो. कातडी जाड व्हायला वेळ लागतो. मग विद्यार्थ्यांशी फळ्यासमोर तास-दोन तास. माझ्या मते खरं काम इथे होतं. कारण बोलताना 'आणि ही टर्म लहान आहे म्हणून सोडून देऊ' असं तोंडातून जातं आणि समोरचा विचारतो, 'कशाच्या तुलनेत लहान?' एकट्याने बसून काम करणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. दुपारनंतर कोड, गणितं, शिकवणं, कमिट्या, आणि दुसऱ्यांच्या पेपरांचं रेफरींग, ज्याचे पैसे मिळत नाहीत पण जे टाळणं बरं दिसत नाही. आपल्या पेपरवर आलेला दुसऱ्या रेफरीचा शेरा वाचून पहिला दिवस चिडण्यात जातो, दुसऱ्या दिवशी लक्षात येतं की त्याला जे कळलं नाही ते आपणच नीट लिहिलेलं नाही. नेहमी नाही, पण पुष्कळदा.

अडकण्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. महिनोन् महिने काही हलत नाही, हे अपवाद म्हणून नाही तर नेहमीचं म्हणून धरा. त्यासाठी हाताशी दोन-तीन कामं ठेवायची: एक खात्रीचं, जे कष्टाने पूर्ण होईलच, एक मधलं, आणि एक असं की जमलं तर नाव होईल, नाहीतर ताकास तूर लागणार नाही. फक्त तिसरंच घेऊन बसलेले हुशार विद्यार्थी पाचव्या वर्षी रिकाम्या हाताने उभे राहिलेले पाहिले आहेत. त्यात दोष बऱ्याचदा गाइडचा असतो.

आता पोटापाण्याचं. पीएच.डी. नंतर दोन-तीन वर्षांची एक पोस्टडॉक, मग बहुधा दुसरी, क्वचित तिसरी, आणि प्रत्येक वेळी नवं गाव. ज्यांना कायमची प्राध्यापकी हवी असते त्यातल्या सगळ्यांना ती मिळत नाही, आणि न मिळणाऱ्यांत उत्तम लोक असतात. हे लपवून तुम्हाला या वाटेवर ढकलणं मला पटत नाही. दुसऱ्या बाजूने, रिकाम्या हाताने बाहेर पडणारा मी तरी पाहिलेला नाही. मोठ्या मॅट्रिक्स, माँटे कार्लो, गोंगाटातून आकडा काढणं हे सगळं सेमीकंडक्टर, क्वांटम कॉम्प्युटिंग, डेटा आणि वित्तक्षेत्रात चालतं. म्हणून पीएच.डी. करताना कोड स्वच्छ लिहायची सवय लावा, दुसऱ्याला वाचता येईल असा. गाइड निवडताना त्यांचे पेपर बघाच, पण मागच्या दहा वर्षांतले विद्यार्थी आज कुठे आहेत ते त्याहून आधी बघा, आणि त्यातल्या दोघांशी गाइड समोर नसताना बोला.

हे काम आपल्याला मानवेल का, हे अजमावायचं असेल तर आठवडाभराची एक गोष्ट सुचवते. अर्ध्या स्पिनची साखळी घ्या. शेजाऱ्यांमधलं प्रतिलोहचुंबकीय (अँटिफेरोमॅग्नेटिक, स्पिन उलटसुलट ठेवू पाहणारं) जोडणं १ धरा, आणि एक सोडून पुढच्याशी ०.५. मजुमदार आणि घोष यांनी १९६९ मध्ये दाखवलं की याचं उत्तर अचूक काढता येतं. वर्तुळाकार साखळी मनातल्या मनात लागोपाठच्या तीन-तीन स्पिनच्या, एकमेकांत गुंतलेल्या त्रिकुटांत (१-२-३, २-३-४, ३-४-५ अशा) विभागा. प्रत्येक त्रिकुटात तिन्ही जोड्यांना ०.५ द्या. शेजाऱ्यांची जोडी दोन त्रिकुटांत येते म्हणून तिचं १ होतं, पलीकडची जोडी एकातच येते म्हणून ०.५ राहतं. म्हणजे हिशेब जुळला. आता एका त्रिकुटाची कमीत कमी ऊर्जा त्याचा एकूण स्पिन अर्धा असताना येते, ती उणे ३/८. तेव्हा साखळीची ऊर्जा दर स्पिनमागे उणे ३/८ च्या खाली जाऊच शकत नाही. आणि शेजारच्या दोघादोघांच्या सिंग्लेट (एकूण स्पिन शून्य) जोड्या लावल्या की ती नेमकी उणे ३/८ भरते, कारण कुठल्याही त्रिकुटात दोघे एकमेकांत मिटलेले असतात आणि उरतो अर्धा. जोड्या दोन प्रकारे लावता येतात, म्हणून तळाच्या अवस्थाही दोन.

हे आधी कागदावर स्वतः करा. मग १२ स्पिनचा कोड लिहा. अवस्था फक्त ४०९६ आहेत, साध्या लॅपटॉपवर चुटकीसरशी होतं. ऊर्जा दर स्पिनमागे -०.३७५ आलीच पाहिजे, शेवटच्या दशांशापर्यंत, आणि तळाला दोन अवस्था दिसल्याच पाहिजेत. नाही आल्या तर कोडमध्ये चूक आहे, चर्चा नाही. मग ०.५ चं ० करा. आता अनंत साखळीचं उत्तर -०.४४३१ असायला हवं, पण तुमचं त्याहून थोडं खाली येईल. ८, १०, १२, १४ स्पिन घेऊन ते कसं वर सरकतं ते काढा.

शेवटी तो आकडा ० पासून ०.५ पर्यंत हळूहळू वाढवा आणि गॅप कुठे उघडते ते शोधा. खरं उत्तर ०.२४११ च्या जवळ आहे, पण गॅपचा आलेख काढून ते तुम्हाला दिसणार नाही, कारण त्या बिंदूपाशी गॅप इतकी सावकाश उघडते की १२ काय, १२० स्पिनलाही तिचा पत्ता लागू नये. तिथे एक-दोन दिवस अडकून बघा. मग गॅपचा नाद सोडून सर्वांत खालची उत्तेजित सिंग्लेट पातळी आणि सर्वांत खालची ट्रिप्लेट (एकूण स्पिन १) पातळी एकमेकींना कुठे छेदतात ते काढा. ओकामोतो आणि नोमुरा यांनी १९९२ मध्ये हेच केलं होतं. १२ स्पिनवरही आकडा ०.२४ च्या आसपास येईल. गॅपला जे जमलं नाही ते या छेदाला इतक्या छोट्या साखळीत का जमतं, हे स्वतः शोधायचा प्रयत्न करा, आणि त्यांचा पेपर उघडण्याआधी दोन-तीन दिवस तरी जाऊ द्या.